सैन्याची जुनी गाडी व ख्रिस्ती शेतकऱ्याची विवेकबुद्धी

दिंडोरी तालुक्यातील एका बंधूने पत्र लिहून आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न वरवर पाहता एका गाडीचा आहे. परंतु तो ज्या कळकळीने विचारला आहे ती पाहता चार ओळींचे उत्तर देऊन मोकळे होणे आम्हांस बरे वाटत नाही.

हकीगत अशी की, हा बंधू, त्याचा चुलतभाऊ व शेजारच्या मळ्यातील एक गृहस्थ असे तिघे मिळून सैन्याने मोडीत काढलेला एक मोठा ट्रक विकत घेण्याच्या विचारात आहेत. द्राक्षांची क्रेटे, टोमॅटो, शेणखत, बागेच्या मांडवाला लागणारे लोखंड व तारा, ही सर्व ने-आण भाड्याच्या गाडीने करता करता हंगामाच्या पैशाचा मोठा वाटा भाड्यातच जातो. आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर भाड्याची गाडी यावयास कोणी तयार होत नाही. सैन्याच्या गाडीची पुढची व मागची सर्व चाके ओढतात, ती चिखलातून निघते, असे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले व ते खरेही आहे. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर पत्र लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु मंडळीतील काही उत्साही लोकांनी सुचवले की, कापणीच्या सणाच्या दिवशी ही गाडी मंदिरापुढे उभी करावी, तरवारी मोडून त्यांचे फाळ करण्याविषयीचे यशया भविष्यवाद्याचे वचन पाळकांनी वाचावे, व प्रार्थना करून गाडी कामास लावावी. शिवाय दूरच्या वस्त्यांवरील माणसांना दर रविवारी तीतूनच उपासनेस आणावे. सर्वांनी माना डोलावल्या. तेव्हा मंडळीतील एक वृद्ध विधवा, जिचा एकुलता एक मुलगा सैन्यात गेला तो परत आला नाही, ती म्हणाली, “ज्या गाडीतून माझा लेक गेला, तसल्या गाडीत बसून मी देवाच्या घरी येऊ काय?” त्या दिवसापासून कोणी तो विषय काढीत नाही. बंधू विचारतो: गाडी घेणे पाप आहे काय? नसेल, तर ते वचन वाचावे काय? आणि या बाईला काय सांगावे?

प्रथम व्यवहाराचे दोन शब्द सांगतो, कारण जो धर्मोपदेश शेतकऱ्याला कर्जात लोटतो तो धर्मोपदेश नव्हे. सैन्याने काढून टाकलेल्या गाड्या आजकाल बहुतेक सरकारी लिलावात, संगणकावर बोली लावून विकल्या जातात. एमएसटीसी नावाची सरकारी कंपनी 1964 पासून अशा मोडीच्या मालाच्या व्यवहारात आहे. तेथील मुख्य अट अशी की, माल जेथे आहे तेथे व जसा आहे तसा घ्यावा. मागाहून तक्रार चालत नाही. पुष्कळदा एकेक गाडी न विकता अनेक गाड्यांचा ढीग एकत्र विकतात. तो मोठा भंगारवाला घेतो, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला गाडी येते ती त्याच्या हातून, त्याचा नफा वर देऊन. तेव्हा सैन्याचे मूळ विक्रीपत्र हाती असल्याशिवाय पैसा देऊ नये, आणि त्या कागदावर परिवहन कार्यालय नवी नोंदणी करून देईल की नाही, हे बयाणा भरण्यापूर्वी विचारावे. जुनी शक्तिमान गाडी असेल तर तिचे उत्पादन 1996 मध्येच बंद झाले हे ध्यानात ठेवावे. सुटे भाग शोधत फिरावे लागते, आणि डिझेल ती इतके पिते की, भाड्याची बचत म्हणून घेतलेली गाडी भाड्याहून महाग पडू नये म्हणून वहीत आकडे मांडूनच पुढे जावे. तिघांनी मिळून घेणे आम्हांस पसंत आहे, मात्र कोणाचा माल आधी जाईल हे आजच कागदावर लिहून ठेवावे. द्राक्ष तिघांच्याही बागेत एकाच आठवड्यात तयार होते. आणि भावाभावांतील पुष्कळ भांडणे पापातून नव्हे, तर न लिहिलेल्या कराराने उत्पन्न झालेली आम्ही पाहिली आहेत.

आणखी एक नियम आहे, तो आपल्या विषयास फार उपयोगी आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 121व्या नियमाप्रमाणे सैन्याचा तो विशिष्ट ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाडीवाचून दुसऱ्या कोणत्याही गाडीस देता येत नाही. म्हणजे गाडी घेताच पहिले काम रंग बदलण्याचे. सैन्याच्या क्रमांकपट्टीवर वर टोक केलेला एक बाण असतो, तोही जातो व त्या जागी आपल्या जिल्ह्याचा क्रमांक येतो. सरकारच्या दृष्टीने एवढ्याने गाडीचे सैनिकपण संपले. मंडळीच्या दृष्टीने एवढ्याने संपते काय, हाच खरा प्रश्न आहे.

सैन्याचा उरलेला माल शेताकडे वळणे ही गोष्ट नवी नाही. दुसरे महायुद्ध 1945 मध्ये संपले तेव्हा जगभर लाखो गाड्या एकाएकी बिनकामाच्या झाल्या. अमेरिकेत विलीस कंपनीने त्याच वर्षी आपली लढाईतील जीप थोडी बदलून शेतकऱ्यांपुढे ठेवली आणि ती नांगर ओढील, यंत्र फिरवील व बाजारासही नेईल अशा जाहिराती केल्या. इंग्लंडातील मोटारींच्या कारखान्यात काम करणारे मॉरिस विल्क्स हे गृहस्थ वेल्समधील अँगल्सी बेटावरील आपल्या शेतावर सैन्याची एक जुनी जीप वापरीत असत. तिच्यावरूनच त्यांना जी गाडी सुचली ती लँडरोव्हर या नावाने 1948 मध्ये लोकांपुढे आली. आपल्याकडे 1949 मध्ये महिंद्र कंपनीने विलीस जीपचे भाग आणून त्यांची जोडणी आरंभली, आणि पुढे खेड्यापाड्यांतील किती तरी वाटा प्रथम त्या जीपच्या चाकांनी मळल्या.

परंतु त्याच काळातील एक दुसरी गोष्टही ऐकावी. पॅसिफिक महासागरातील एस्पिरितु सांतो नावाच्या बेटावर अमेरिकन सैन्याचा मोठा तळ होता. लढाई संपल्यावर तेथील गाड्या, बुलडोझर व इतर माल स्वस्तात विकावयास काढला असता तेथील सरकारने तो घेतला नाही. तेव्हा सैन्याने तो सर्व समुद्रात लोटून दिला. त्या किनाऱ्यास आजही लोक ‘दशलक्ष डॉलरचे टोक’ म्हणतात. ज्या कोणाला वाटते की लढाईची वस्तू शेताला लावण्यापेक्षा टाकून दिलेली बरी, त्याने त्या गंजलेल्या गाड्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. देवाच्या पृथ्वीतून काढलेले लोखंड व मनुष्याचे श्रम असे पाण्यात घालविण्यात काही पुण्य आहे असे आम्हांस दिसत नाही.

तर मग गाडी अशुद्ध आहे काय? हा प्रश्न पहिल्या शतकातील करिंथ शहरातील मंडळीने दुसऱ्या शब्दांत विचारला होता. तेथे बाजारात जे मांस विकावयास येई, त्यातील पुष्कळसे आधी एखाद्या मूर्तीपुढे ठेवलेले असे. ख्रिस्ती मनुष्याने ते विकत घ्यावे काय? पौलाचे उत्तर थोडक्यात असे की, मूर्ती म्हणजे काही नव्हे, पृथ्वी प्रभूची आहे, म्हणून बाजारात जे विकते ते खुशाल घ्यावे, उगाच खोदून विचारीत बसू नये. या उत्तराचे धैर्य आपल्या लक्षात येत नाही. ज्या मनुष्याने मूर्तिपूजेविरुद्ध आयुष्य वेचले, तोच सांगतो की मांसाला मूर्तीचा विटाळ चिकटत नाही. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांना पाणवठ्यावर व देवळाच्या दारात विटाळ या शब्दाने छळले. त्यांच्या नातवंडांनी लोखंडाला विटाळ लावू नये.

शिवाय गाडी ही तरवार नव्हे. तरवारीचे काम एकच. पण ओझे वाहणाऱ्या वस्तूला धन्याप्रमाणे काम मिळते. जुन्या काळी मोगलांच्या व मराठ्यांच्या फौजांना धान्य पुरविणारे वंजारी आपले बैलांचे तांडे घेऊन फौजेमागून जात. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून परत येत असता 1670 च्या ऑक्टोबर महिन्यात शिवाजी महाराजांची दाऊदखान कुरेशीच्या मोगली फौजेशी गाठ पडली ती याच वणी-दिंडोरीच्या मुलखात. त्या दिवशी येथून जी ओझ्याची जनावरे गेली असतील, त्यांच्या पाठीवर लढाईचे सामान होते म्हणून बैल ही जात पापी ठरत नाही. आज जेथे लढाई झाली तेथे वेली आहेत, व वेलींखाली खत टाकणाऱ्याला मातीचा पूर्वेतिहास कोणी विचारीत नाही.

यंत्राची वंशावळ तर याहून गुंतागुंतीची असते. शक्तिमान गाडी 1959 पासून जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत तयार होऊ लागली ती जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने. ही कंपनी आउग्सबुर्ग व न्यूरेंबर्ग या दोन शहरांतील कारखाने मिळून झालेली आहे. ज्या आउग्सबुर्ग शहरात 1530 मध्ये लूथरच्या अनुयायांनी बादशहापुढे आपल्या विश्वासाचा जाहीरनामा वाचला, तेच हे शहर. तेथील कारखान्याने छापखान्याची यंत्रे केली. तेथेच रूडॉल्फ डीझेल याने 1893 ते 1897 या वर्षांत आपले इंजिन सिद्धीस नेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच कंपनीने पँथर नावाचे रणगाडे केले. आणि लढाईनंतर पुनः ट्रक. ज्या हातांनी पुस्तके छापण्याचे यंत्र केले त्याच हातांनी रणगाडा केला. लोखंडाच्या पूर्वजांची चौकशी करून शुद्ध वस्तू निवडू पाहणाऱ्याला या जगात एक खिळाही विकत घेता येणार नाही. येथवर त्या बंधूच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले: गाडी घेण्यात पाप नाही.

परंतु यशयाचे वचन वाचावे काय, या दुसऱ्या प्रश्नावर आमचे मत मंडळीतील उत्साही लोकांच्या विरुद्ध आहे, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या भविष्यात काय घडते हे क्रमाने पाहा. आधी राष्ट्रे परमेश्वराच्या डोंगराकडे चालत येतात. त्यांना तेथे शिक्षण मिळते. मग परमेश्वर स्वतः त्यांच्या तंट्यांचा न्याय करतो. त्यानंतर, आणि त्यामुळे, ती आपली शस्त्रे आपल्याच हातांनी ठोकून शेतीची अवजारे करतात, आणि शेवटी युद्धाची विद्या शिकणेच सोडून देतात. आता लिलावात काय घडते ते पाहा. सैन्याजवळ नवी गाडी आली म्हणून जुनी विकावयाची असते. जुनीचे पैसे सरकारच्या तिजोरीत जातात. तीतून पुढे काय घेतले जाईल ते विकत घेणाऱ्याच्या हाती नाही. येथे कोणी युद्धाची विद्या विसरलेले नाही. घरातील जुनी भांडी मोडीत घालणाऱ्या गृहिणीने स्वयंपाक सोडला, असे कोणी म्हणत नाही. लिलाव हा पश्चात्ताप नव्हे. आणि जेथे पश्चात्ताप झाला नाही तेथे पश्चात्तापाचे फळ दिसले म्हणून आनंद करणे हे वचनाचे अवमूल्यन आहे.

शास्त्रात एक लहानशी गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. दाविदाने गल्याथाला मारल्यावर त्या राक्षसी पुरुषाची तरवार नोब येथील याजकापाशी, एफोदामागे, वस्त्रात गुंडाळून ठेवलेली होती. पवित्र ठिकाणी होती, देवाच्या विजयाची खूण होती, परंतु कोणी ती ठोकून मोडली नव्हती. पुढे दावीद शौलापासून पळत तेथे आला व त्याने हत्यार मागितले तेव्हा तीच तरवार त्याला देण्यात आली, आणि पुनः ती तरवारच झाली. तशीच एक गोष्ट आपल्या देशातील आहे. महायुद्धानंतर कानपूर येथे लिबरेटर नावाची पुष्कळ बाँबफेकी विमाने पुनः उडू नयेत अशा रीतीने मोडतोड करून टाकून दिली होती. 1948 मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या कारागिरांनी ती नीट करून हवाई दलाच्या सेवेत आणली. कारागिरांच्या कौशल्याबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु मोडीत गेलेले शस्त्र परत येत नाही अशा समजुतीत कोणी राहू नये. योएल भविष्यवाद्याच्या पुस्तकात तर यशयाच्या नेमके उलट, फाळ मोडून तरवारी करण्याची हाक आहे. लोखंड दोन्ही बाजूंनी वाकते.

न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या बागेत एक काशाचा पुतळा आहे. एक धिप्पाड पुरुष हातोडा उगारून तरवारीचा नांगर करीत आहे. तो शिल्पकार वुचेतिच याने केला व 1959 मध्ये सोव्हिएत सरकारने भेट दिला. त्या सरकारने 1956 मध्ये बुडापेस्टवर रणगाडे पाठविले होते, आणि 1968 मध्ये प्रागवर पाठविले. पुतळा सुंदर आहे. ज्यांनी तो दिला त्यांच्यात व आपल्यात अंतर फारसे नाही, म्हणूनच आम्ही तो उदाहरणास घेतला. सुंदर वचन वाचून काम झाले असे वाटणे हा मनुष्यमात्राचा रोग आहे. दिंडोरीच्या लोकांना तर दूरही जावयास नको. पलीकडे ओझर येथे 1964 मध्ये उभारलेल्या कारखान्यात मिग जातीची लढाऊ विमाने तयार झाली, इकडे देवळाली येथे तोफखान्याची शाळा आहे, आणि दोहोंच्या आसपास द्राक्षांचे मांडव आहेत. यशयाच्या वचनातील दुसरे अवजार म्हणजे वेली छाटण्याचा कोयता, आणि मीखा भविष्यवादी त्याच वचनाला जोडून सांगतो की प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली निर्भयपणे बसेल. आपल्या तालुक्यात वेली पुष्कळ आहेत, परंतु मीखाचा दिवस अजून उगवला नाही, हे बागेत उभे राहून आकाशाकडे पाहिले म्हणजे कळते.

यावरून सैनिकाचा धिक्कार करावा असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे सैनिक आले तेव्हा त्याने त्यांना जुलूम करू नका व आपल्या वेतनात संतुष्ट असा इतकेच सांगितले. कर्नेल्य शताधिपती होता. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात गावेच्या गावे दगडमातीखाली गेली, तेव्हा ढिगारे उपसावयास सैन्य धावून आले, व त्या दिवसांत सैनिकी गाड्यांतून जे गेले ते अन्न, तंबू व जखमी माणसे. आपल्या पुष्कळ घरांतून मुले सैन्यात गेली. कोणी पोटासाठी, कोणी मानासाठी, कोणी देशासाठी. त्यांच्या आयांपुढे शांतीचे व्याख्यान देणे सोपे नाही आणि शोभतही नाही.

आणि येथेच आपण त्या विधवेच्या शब्दांपाशी येतो. मंडळीतील काही जण तिला दुर्बल म्हणतील. पौलाने दुर्बल बंधूविषयी लिहिले आहे, ज्याची विवेकबुद्धी मांस पाहून अडखळते. त्याच्यासाठी मी आपला हक्क सोडीन, असे तो म्हणतो. ही शिकवण तिला लागू करून, तिचे अज्ञान आहे पण आपण सांभाळून घेऊ, अशा मोठेपणाने वागणे फार सोपे आहे. आमच्या मते ते चुकीचे होईल. करिंथातील दुर्बल बंधू जे नव्हते ते पाहत होता. मूर्तीत शक्ती नसता त्याला ती भासत होती. ही बाई जे आहे ते पाहत आहे. त्या गाडीच्या फळीवर कोणी तरी बसले होते. ते कोणाचे तरी लेक होते, व त्यांतील काही परत आले नाहीत. हिरवा रंग खरवडून वर निळा दिला, बाण काढून जिल्ह्याचा क्रमांक लावला, म्हणून ही गोष्ट असत्य होत नाही. जी मंडळी हे वचन वाचून आनंद करू पाहत होती तिला या एकट्या बाईने आठवण दिली की तरवारीचा फाळ होण्यापूर्वी तरवारीने काय केले होते. उत्सवात ही आठवण कोणाला नको असते.

म्हणून तिला काय सांगावे, असे जे आमच्या बंधूने विचारले आहे, त्याचे उत्तर: तिला काही सांगू नये. तिच्याकडे जावे, तिच्या मुलाविषयी विचारावे, आणि ती सांगेल तितका वेळ ऐकावे. तो कोणत्या पलटणीत होता, सुटीवर येई तेव्हा काय आणी, शेवटचे पत्र कोठून आले, हे मंडळीतील किती जणांना ठाऊक आहे? अनेक वर्षे ती त्यांच्याबरोबर एका चटईवर बसून प्रार्थना करीत आली आहे. गाडीचा विषय निघाला नसता तर तिचे हे दुःख कोणाच्या कानावर गेले नसते.

रविवारी तिला आणण्याचा प्रश्न सोपा आहे. मालाच्या गाडीत माणसे भरून नेणे कायद्यानेच मना आहे, तेव्हा त्या ट्रकातून उपासनेस कोणालाही आणू नये. सर्वत्र असेच करतात, असे उत्तर येईल हे आम्हांस माहीत आहे. टेंपोतून वऱ्हाडे जातात, दिंड्या जातात. पण उलटलेल्या टेंपोंच्या बातम्याही आपण वाचतो. तिला आणावयास तिघांपैकी एकाने जावे व तिच्या पावलाने चालत यावे. वाट दूरची असेल तर रिक्षाचे पैसे मंडळीने द्यावे. दानपेटीतील पैशाचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाही.

आता एक गोष्ट, जी पत्रात नाही, परंतु गाडी घेणाऱ्याने मनाशी ठरवावयाची आहे. द्राक्षाच्या छाटणीला व काढणीला पेठ व सुरगाणा तालुक्यांतून मजूर येतात. पहाटे त्यांना वाहनांत कसे भरतात हे दिंडोरीच्या रस्त्यावर उभे राहून कोणीही पाहावे. बाया, तान्ही मुले, पाण्याचे हंडे, सर्व उभ्याने, दांडीला धरून. सैन्याच्या गाडीत शिपायाला बसावयास फळी असते, व किती शिपाई बसावेत याला काही मर्यादा असते. तीच गाडी शेतकऱ्याच्या हाती आल्यावर फळ्या काढून टाकून तीत दुप्पट माणसे उभी केली, तर त्या गाडीची बढती झाली की अवनती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पलटणीतील शिपाई आजारी पडला तर त्याला दवाखाना असतो. बागेत औषध फवारताना मजूर चक्कर येऊन पडला तर त्याला सावलीत निजवून दुसऱ्याच्या हाती नळी देतात. हे आम्ही सर्वांविषयी म्हणत नाही. असे घडते, इतकेच म्हणतो. हातोडा कोठे मारावा असे जर कोणी विचारील, तर आधी येथे मारावा: मजुरीच्या ठरावावर, कालव्याच्या पाण्याच्या पाळीवर, बांध कोरण्याच्या सवयीवर. शौल राजाच्या दिवसांत इस्राएल लोकांना आपले फाळ पाजविण्यासाठी पलिष्ट्यांकडे जावे लागे, कारण देशात लोहार राहू दिला नव्हता. आपल्या मंडळ्यांत शेतकरी, शिक्षक व चालक पुष्कळ झाले आहेत; या अर्थाचे लोहार फार थोडे आहेत.

उद्या युद्ध पेटले व सरकारने गाडी परत मागितली तर काय, असेही पत्राच्या शेवटी विचारले आहे. युद्धकाळात वाहने ताब्यात घेण्याचे अधिकार सरकारला कायद्याने मिळत आले आहेत, आणि निवडणुकीच्या कामासाठी तर शांततेतही गाड्या घेतल्या जातात. घेतली तर ती जाईल. तिला नाही म्हणता येत नाही. चालकाला म्हणता येईल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे व त्यासाठी स्वतंत्र लेख पाहिजे.

राहिली कापणीच्या सणाची गोष्ट. गाडी मंदिरापुढे उभी करण्यास आमची हरकत नाही. बैल, विहीर व नवे घर यांसाठी आपण प्रार्थना करतोच. यशयाचा दुसरा अध्याय आगमनकाळात, जेव्हा मंडळी वाट पाहत असते, तेव्हा वाचावा. वाट पाहण्यासाठीच तो लिहिला आहे. गाडीपाशी पाळकांनी, त्या बाईची संमती घेऊन, तिच्या मुलाचे नाव घ्यावे. तीतून जे गेले व परत आले, आणि जे परत आले नाहीत, आपले व परके, त्या सर्वांना देवाच्या हाती सोपवावे. चालकासाठी, रस्त्यावरून चालणाऱ्या पोरासोरांसाठी आणि पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांसाठी प्रार्थना करावी. बाईला त्या वेळी दूर बसावेसे वाटले तर बसू द्यावे. प्रार्थना लांबवू नये, कारण द्राक्ष ऊन चढण्यापूर्वी काढून गाडीत भरावे लागते.